पितृवंशाचा शोध आणि डीएनए चाचणीची निवड : रिद्धपूरच्या संदर्भात

बीजसंज्ञा : पितृवंश, अन्वय, वाय गुणसूत्र, कोतवाल बुक, दत्तकविधान, रिद्धपूर.

प्रस्तावना :

आपल्या घराण्याचा मूळपुरुष कोण आणि तो कोठून आला, हा प्रश्न वऱ्हाडातील कुटुंबांना नवा नाही. सोयरीक जुळवताना कूळ आणि देवक विचारले जाते. तीर्थक्षेत्री गेल्यावर उपाध्यायांच्या वहीत आजा-पणजांची नावे शोधली जातात. जातप्रमाणपत्राच्या निमित्ताने तर वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत या साधनांत डीएनए चाचणीची भर पडली. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपासून ती आता येथील सुशिक्षित वर्गापर्यंत पोहोचली आहे. गालाच्या आतील बाजूचा बोळा किंवा थोडी लाळ पाठवली की सारा वंशवृक्ष हाती येईल, अशी समजूतही तिच्यासोबत आली.

प्रस्तुत निबंधात या चाचणीकडे इतिहासाचे एक साधन म्हणून पाहिले आहे. कोणताही कागद हाती घेताना त्याला कोणता प्रश्न विचारता येतो, हे इतिहासकार आधी ठरवतो. सनद, महजर, सारावही आणि बखर यांना एकच प्रश्न विचारून चालत नाही. डीएनए चाचण्याही अनेक प्रकारच्या आहेत आणि त्यांतील प्रत्येक चाचणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. विवेचनासाठी अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे क्षेत्र घेतले आहे, कारण वंश या कल्पनेला तेथे एकच अर्थ कधीही नव्हता.

रिद्धपूर : देहाचा अन्वय आणि ज्ञानाचा अन्वय :

रिद्धपूर ही महानुभावांची काशी. श्रीगोविंदप्रभू येथेच राहिले, चक्रधरस्वामींना त्यांच्यापासून ज्ञानशक्ती प्राप्त झाली ती येथेच, आणि म्हाइंभटांचे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथेच आकारास आले. मराठी गद्याच्या या माहेरी आता मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे.

या परंपरेतील दोन चरित्रे वंशशोधाच्या दृष्टीने मननीय आहेत. गोविंदप्रभूंचा जन्म रिद्धपूरजवळील काटसुरे येथे काण्वशाखीय ब्राह्मण कुटुंबात झाला. आईवडील लहानपणीच वारले आणि मामा-मावशीने त्यांना रिद्धपुरास आणून वाढवले. म्हणजे ज्या पुरुषामुळे या गावाला प्रतिष्ठा लाभली, तो गावाशी जोडला गेला मातृपक्षाच्या आधाराने. चक्रधरांची कथा याहून विलक्षण आहे. लीळाचरित्रातील परंपरेनुसार द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह टाकला आणि गुजरातच्या विशाळदेव प्रधानाचा नुकताच निवर्तलेला पुत्र हरिपाळ याच्या देहात प्रवेश केला. हरिपाळ उठून बसला, पुढे घर सोडून रामटेकच्या यात्रेस म्हणून निघाला आणि वऱ्हाडात आला. कथेचा धार्मिक आशय येथे बाजूला ठेवला, तरी तिच्यातून उभा राहणारा प्रश्न वंशशास्त्राचाच आहे. पिता म्हणून कोणाचे नाव लिहायचे? देह विशाळदेवाच्या वंशातला. पंथाच्या पंचकृष्णांच्या मालिकेत मात्र विशाळदेवाला स्थान नाही.

पुढे पंथात जे तेरा आम्नाय रूढ झाले, ते सर्व गुरुशिष्यपरंपरेचे आहेत. उपाध्य आम्नाय, कवीश्वर आम्नाय ही नावे पाहिली की त्यांमागे एखादे घराणे असावे असे परक्याला वाटते. बीडकर, कारंजेकर, शेवलीकर अशी महंतांची नावे तर सरळ आडनावांसारखीच दिसतात. पण संन्यास दीक्षेने मिळालेले हे नाव गुरूकडून शिष्याकडे जाते, बापाकडून मुलाकडे जात नाही. समजा, एकाच परंपरेतील लागोपाठच्या दोन महंतांची पितृवंशाची चाचणी केली आणि त्यांचे नमुने अजिबात जुळले नाहीत. त्यावरून परंपरा खंडित झाली असे कोणी म्हणेल काय? ती नियमाप्रमाणे चालली, एवढेच त्या न जुळण्याचे तात्पर्य असेल. नावाचा प्रवास आणि रक्ताचा प्रवास एकाच वाटेने झाला असेल, तरच पितृवंशाची चाचणी उपयोगी पडते. चाचणी निवडण्यापूर्वी हे तपासले पाहिजे.

पोथीची नक्कल आणि गुणसूत्राची नक्कल :

पितृवंशासाठी वाय गुणसूत्राचाच विचार का होतो, हे समजण्यास रिद्धपूरच्या पोथ्यांचा दाखला उपयोगी आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, असे पंथात सांगितले जाते. त्यातून अनेक पाठ निर्माण झाले. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांनी पाठभेद ताडून पाहिले ते एका साध्या तत्त्वावर. लहियाच्या हातून एखाद्या अक्षराची चूक झाली की त्या प्रतीवरून उतरलेल्या पुढच्या सर्व प्रतींत ती उतरते. दोन प्रतींत एकच विचित्र चूक आढळली, तर त्या दोघींची आई एकच.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि त्याचा बहुतेक भाग आईकडून आलेल्या गुणसूत्राशी मिसळत नाही. मुलाला मिळते ती बापाच्या पोथीची जवळजवळ हुबेहूब नक्कल. क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल त्याच्या सर्व पुरुष वंशजांत कायम राहतो. एका अक्षराच्या अशा बदलाला 'स्निप' म्हणतात. दुसऱ्या प्रकारची चूक वेगळी असते. काही ठिकाणी अक्षरांचा एक लहान गट लागोपाठ अनेक वेळा आलेला असतो, आणि नक्कल करताना तो तेरा वेळांऐवजी चौदा वेळा उतरतो. या पुनरावृत्तींच्या जागांना 'एसटीआर' खुणा म्हणतात. एसटीआर लवकर बदलतात, पण चौदाचे पुन्हा तेराही होऊ शकतात. त्यामुळे जवळच्या भाऊबंदांची तुलना करण्यास त्या सोयीच्या आणि फार जुना काळ ठरवण्यास अविश्वसनीय. स्निप सावकाश साठतात, पण एकदा झालेला बदल सहसा मागे फिरत नाही. संपूर्ण वाय गुणसूत्राचे विस्तृत वाचन केल्यास साधारण दोन-तीन पिढ्यांमागे एक नवा स्निप सापडतो. म्हणून वंशवृक्षाच्या फांद्या कोठे फुटल्या हे दाखवण्यास हेच वाचन उत्तम ठरते.

चाचणीची निवड :

बाजारात सर्वाधिक खपणारी चाचणी बहुधा पितृवंशाची नसते. ती असते सर्वसाधारण गुणसूत्रांची, म्हणजे ऑटोसोमल. तिच्यात आई आणि बाप या दोहोंकडचा वारसा मिसळलेला असतो आणि प्रत्येक पिढीत तो निम्म्याने कमी होतो. पाच पिढ्यांमागचा पूर्वज समान असलेल्या दोन चुलत भावंडांपैकी जवळपास निम्म्या जोड्यांत सामायिक तुकडा सापडतच नाही. महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. जातीअंतर्गत विवाह आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल यांमुळे दूरचे नातेवाईकही एकमेकांशी अनेक वाटांनी जोडलेले असतात, आणि अहवालात दिसणारे नाते प्रत्यक्षाहून जवळचे भासते. वाय गुणसूत्राला ही अडचण येत नाही, कारण आतेबहिणीशी लग्न केले काय किंवा मामेबहिणीशी, मुलाला मिळणारे वाय बापाचेच असते. तिसरी चाचणी तंतुकणिकांची. ती आईच्या आईच्या आईकडे जाते, त्यामुळे पितृवंशाच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. अमेरिकेतील ॲन्सेस्ट्री या मोठ्या कंपनीने वाय चाचणी २०१४ सालीच बंद केली. प्रसिद्ध नाव पाहून चाचणी मागवणाऱ्यास जे हवे ते मिळेलच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

वाय चाचणी घेतली तरी एकट्याच्या अहवालातून फारसे निष्पन्न होत नाही. त्यात आर१ए, एच, एल, जे२ अशी एखादी शाखा कळते. या शाखा हजारो वर्षांच्या आहेत. एच शाखेचा पुरुष रिद्धपुरात सापडेल, मदुराईत सापडेल आणि लाहोरातही सापडेल. चाचणी ही मुळात तुलना आहे. समजा, रिद्धपूर आणि मोर्शी येथील एकाच आडनावाची दोन घराणी सहा पिढ्यांमागचा एक मूळपुरुष सांगतात. अशा वेळी वंशावळीत एकमेकांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन शाखांतील पुरुषांची चाचणी करावी. सख्ख्या चुलत भावांची चाचणी करून काहीच साधत नाही. ३७ एसटीआर खुणांपैकी ३५ ते ३७ जुळल्या, तर गेल्या काही शतकांतील समान पूर्वजाची शक्यता दृढ होते. खुणा फार मोठ्या संख्येने भिन्न निघाल्या, तर सांगितलेली पितृशृंखला कोठेतरी तुटली आहे हे निश्चित होते; ती कोठे तुटली हे मात्र कळत नाही. त्यासाठी मधल्या शाखांतील पुरुष शोधावे लागतात. दोघांचे नाते नेमके कितव्या पिढीत फाटले हा प्रश्न असेल, तरच संपूर्ण वाय वाचनाचा मोठा खर्च सार्थकी लागतो. पहिल्याच पायरीस तो करणे म्हणजे गावचा नकाशा हवा असताना साऱ्या प्रांताची मोजणी मागवण्यासारखे होय.

आणखी एक मर्यादा संग्रहाची. वंशशोधाच्या व्यापारी संग्रहांत भर आहे तो युरोपीय वंशाच्या पुरुषांचा. वऱ्हाडातील पुरुषाला जुळणारा नमुना तेथे न मिळणे हा त्याच्या वंशाविषयीचा पुरावा मुळीच नाही. दप्तर अपुरे आहे, इतकेच.

अन्यत्रचे दाखले :

पितृवंशाच्या चाचणीने ऐतिहासिक वाद किती सुटतात आणि किती सुटत नाहीत, हे दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून दिसते. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांना त्यांच्या गुलाम स्त्रीपासून, सॅली हेमिंग्जपासून, मुले झाली होती काय, या वादात १९९८ साली वाय गुणसूत्र तपासले गेले. जेफरसन यांचा औरस पुरुषवंश उरला नसल्याने त्यांच्या चुलत्याच्या वंशजांचे नमुने घेण्यात आले. सॅलीचा धाकटा मुलगा ईस्टन याच्या वंशजाशी ते जुळले. चाचणीने 'जेफरसन कुळातील पुरुष' एवढेच सिद्ध केले. तो पुरुष थॉमसच होता, हे इतिहासकारांनी मानले ते त्यांच्या मुक्कामाच्या नोंदी आणि मुलांच्या जन्मतारखा ताडून, म्हणजे कागदांच्या बळावर.

दुसरे उदाहरण इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे. लेस्टर येथे २०१२ साली सापडलेल्या त्याच्या सांगाड्याची ओळख मातृवंशाच्या चाचणीने पटली. पितृवंशाने संबंधित मानल्या गेलेल्या पाच हयात पुरुषांचे वाय मात्र राजाच्या वायशी जुळले नाही, आणि त्या पाचांतील एक तर उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. युरोपातील उमराव घराण्यांच्या वंशावळी कागदोपत्री अत्यंत काटेकोर समजल्या जातात. तेथे ही स्थिती, तर भाटांच्या तोंडच्या वंशावळींकडून किती अपेक्षा ठेवावी?

महाराष्ट्रातील दाखला कोकणच्या बेने इस्रायल समाजाचा आहे. रोहेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावणारा आणि घरी मराठी बोलणारा हा समाज आपले पूर्वज जहाज फुटून किनाऱ्यास लागले असे सांगत आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून आणि भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला दिसला. दोन्ही धारांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे असल्याचा अंदाजही त्यात दिला आहे. समाजाची स्मृती पितृवंशापुरती बऱ्याच अंशी खरी निघाली. कहाणीत ज्यांचा उल्लेख नव्हता त्या स्थानिक स्त्रियाही त्यामुळे पूर्वजांत जमा झाल्या. याच जिल्ह्याच्या मेळघाटात कोरकू राहतात. त्यांची भाषा मुंडा कुळातील, आणि मुंडा भाषिक समाजांच्या पितृवंशात आग्नेय आशियाशी जोडणारी शाखा मोठ्या प्रमाणात, तर मातृवंश प्रामुख्याने भारतीय आढळतो. केवळ बापाची रेषा धरून समाजाचे 'मूळ' सांगणे किती एकांगी ठरते, हे दोन्ही उदाहरणे दाखवतात.

दत्तकविधानाचा प्रश्न :

मराठी घराण्यांच्या बाबतीत पितृवंश तुटण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत प्रतिष्ठित कारण दत्तकविधान हे आहे. वऱ्हाडावर निजामासोबत दुअंमली चालवणाऱ्या नागपूरकर भोसल्यांचेच पाहावे. १८१८ साली आप्पासाहेबांना पदच्युत केल्यावर इंग्रजांनी गादीवर बसवला तो तिसरा रघूजी दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा होता. भोसले कुळात दत्तक येऊन तो भोसला झाला. धर्मशास्त्राने, व्यवहाराने आणि प्रजेच्या दृष्टीने तो भोसलाच. त्याचे वाय गुणसूत्र मात्र जन्मदात्या बापाच्या कुळाचे. १८५३ साली तो वारला आणि डलहौसीने वारस नाही असे ठरवून पुढच्या वर्षी राज्य खालसा केले. त्याच १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. उलट बडोद्यास १८७५ साली दत्तक आलेले सयाजीराव नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गायकवाड शाखेतले, म्हणजे तेथे दत्तकाने पितृवंश राखण्याचा प्रयत्न झाला. दोन्ही दत्तके विधिपूर्वकच होती; वाय चाचणीने पाहिले तर एक 'तुटलेले' आणि दुसरे 'जुळलेले' दिसावे. न जुळणाऱ्या अहवालातून घरातील एखाद्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी तर्क करणाऱ्यांनी आधी दत्तकपत्र शोधावे. घरजावई, मामाकडे वाढलेला भाचा, गावावरून बदललेले आडनाव, या वाटाही आहेतच.

गोत्राबाबतही असाच प्रकार आहे. क्षत्रिय आणि वैश्य यांनी पुरोहिताचे गोत्रप्रवर घ्यावेत, असे विज्ञानेश्वराने मिताक्षरेत सांगितले आहे. म्हणजे समान गोत्र हा समान पितृवंशाचा पुरावा सर्वांच्या बाबतीत होऊच शकत नाही. त्याच विज्ञानेश्वराने सपिंड शब्दाचा अर्थ एकाच शरीराचे अवयव अंशरूपाने असणे असा लावला आणि तो आई व बाप या दोन्ही बाजूंना लागू केला. बाराव्या शतकातील या दाक्षिणात्य मीमांसकाची नात्याची कल्पना आजच्या पितृवंशवेड्यांपेक्षा अधिक उदार होती, असे म्हणावेसे वाटते.

वऱ्हाडातील कागद : कोतवाल बुक आणि 'वल्द' :

वऱ्हाडात पितृवंश शोधणाऱ्याचा खरा आधार कोतवाल बुक हाच आहे. गावात झालेल्या जन्ममृत्यूंची ही इंग्रजी अमदानीतील नोंद. 'अमुक वल्द तमुक, जात अमुक' अशी तिची धाटणी. आडनाव बहुधा नसते. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचे नावही नसते. बापाचे नाव लिहून पुढे मुलगा वा मुलगी एवढेच लिहिलेले असते. एकाच गावात त्याच नावाचे दोन बाप असले की शोध अडतो. अशा जागी वाय चाचणी खरोखर मोलाची ठरू शकते, कारण दोन संभाव्य शाखांपैकी कोणती खरी हा प्रश्न नेमका, अलीकडचा आणि पुरुषरेषेतील आहे. 'वल्द' या शब्दाने जो दावा केला, तोच ही चाचणी तपासते. मात्र आधी कागद आणि मग चाचणी हा क्रम बदलता येत नाही; कागदाने शाखा दोनच उरवल्या नसतील, तर कोणाचे नमुने घ्यायचे हेच कळणार नाही.

जातीच्या पुराव्यासाठी अशी चाचणी करावी काय, हा प्रश्न अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे कानावर येतो. येथे संदिग्धता ठेवणे घातक आहे. कोणत्याही डीएनए चाचणीत जात लिहिलेली नसते. एकाच जातीत अनेक पितृशाखा असतात आणि एकच पितृशाखा अनेक जातींत पसरलेली असते. इरावती कर्वे यांनी एकाच नावाखाली गणल्या जाणाऱ्या जातींचे पोटगट शारीरिक मोजमापांनी तपासून त्यांच्यातील भेद दाखवले होते. जात पडताळणीत पाहिले जातात ते जुने दस्तऐवज, वडिलांकडील नातेवाइकांची प्रमाणपत्रे आणि काही प्रकरणांत आप्तभाव. आणि आप्तभाव ही निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. विवाहसंबंधात जन्मलेल्या अपत्याच्या औरसपणाचे गृहीतक १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ व्या कलमात आले. कायद्याने गुणसूत्राच्या सत्याहून अपत्याच्या संरक्षणाला अधिक जपले आहे.

संमती आणि स्त्रियांचे स्थान :

एका पुरुषाचे वाय म्हणजे त्याच्या साऱ्या भाऊबंदांचे वाय. त्यामुळे चाचणीस एकाची संमती कायद्याने पुरेशी असली, तरी निष्पत्ती सर्वांच्या घरात शिरते. २३अँडमी या कंपनीतून २०२३ साली लाखो ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय होणार, हा प्रश्न अनेक देशांत विचारला गेला. वऱ्हाडात एकेका वाड्यावर तीन-चार पिढ्यांचे शेताचे वाद चालू असताना न जुळलेला अहवाल कोणाच्या हाती पडेल, याचा विचार नमुना देण्यापूर्वी झालेला बरा. चाचणीआधी सर्व शाखांतील जाणत्यांना एकत्र बसवावे आणि अनपेक्षित निष्कर्ष आल्यास तो कोणास कळवायचा, कोणास नाही, हे लिहून ठरवावे.

स्त्रीकडे वाय गुणसूत्र नसते. तिला आपला पितृवंश जाणायचा असेल, तर बाप, भाऊ, चुलता किंवा चुलत भाऊ यांपैकी कोणाची तरी चाचणी करावी लागते. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे गाणारी महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री. तिच्या पितृवंशाचा शोध घ्यायचा झाला असता, तर नमुना तिचा चुलत भाऊ नागदेवाचार्य याचा घ्यावा लागला असता. दोघेही संन्यासी. त्या घराण्याच्या देहाच्या रेषेचे काहीही झाले असो, नागदेवाचार्यांच्या शिष्यांपासून निघालेले आम्नाय मात्र रिद्धपुरात आजही नांदत आहेत.